दादाचे मनगट

आमच्या घरी भात झोडायच्या दिवसांत एक विळा वेगळा टांगलेला असतो. तो डावखुरा आहे. दादाने तो लोहारासमोर बसून मुद्दाम करून घेतला. घरात डावखुरे कोणी जन्मले नाही. दादाही जन्माचा डावखुरा नाही. एका पावसाळ्यात बांधावरून पाय घसरला आणि तेव्हापासून तो डावखुरा झाला.

ही गोष्ट १९८५ सालची. आमचे घर विरार पूर्वेला मनवेलपाड्यात. आज तिथे उभे राहिले तर इमारतींमागून इमारती दिसतात, रिक्षांची रांग दिसते. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला, आणि आमचा पाडा शहरात जमा झाला. पण माझ्या लहानपणी तलावाच्या अंगाला भाताची खाचरे होती. जीवदानीच्या डोंगरावर ढग उतरला की घरातली सगळी माणसे आवणीला चिखलात उभी असत.

दादा तेव्हा एकवीस वर्षांचा, मी चौदाचा. डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन तो बांधावरून येत होता. बांध शेवाळलेला. पाय सटकला, मुठी उडाल्या आणि दादा उजवा हात पुढे टेकून पडला. लगेच उठला, हात झटकला आणि हसला. संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी थोडी सूज होती. आईने हळद आणि तुरटी गरम करून लेप घातला. बाबा म्हणाले, "मुरगळलाय. आवणी सोडून दवाखान्यात कोण बसतो?" चार दिवसांनी शेजारच्या गावच्या हाडवैद्याने हात चोळून, ओढून, बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. दहा दिवसांत त्या निघाल्या. दुखणे कमी झाले, आणि हात बरा झाला असे सर्वांनी धरले.

हात बरा झाला नव्हता. घमेले उचलताना कळ येई. म्हशीची धार काढताना मूठ सुटे. दादाने कुरकुर केली नाही, एकेक काम डाव्या हाताकडे सरकवले. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. होऊन आलो, नोकरीला लागलो, गावोगाव फिरून करपा कसा ओळखावा ते सांगू लागलो. पानावरचा डोळ्याच्या आकाराचा ठिपका मला बांधावरून दिसे. पण भावाचा हात तेरा वर्षे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसला नाही. १९९८ साली एकदा तो दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पिताना पाहिला, तेव्हा त्याला बळेच मुंबईला नेले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मनगटातले एक छोटे हाड दोन तुकड्यांत होते. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि शेजारचा सांधाही घासलेला. ते म्हणाले, "पहिल्या काही आठवड्यांत हा माणूस आला असता तर बहुधा प्लास्टरवरच भागले असते." दादाने मला विचारले, "काय म्हणतात?" मी सांगितले, "जुने आहे म्हणतात." पुढचे वाक्य माझ्याने सांगवले नाही.

तेव्हापासून मनगटाविषयी मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले, ते आज आपल्या वाचकांसाठी लिहितो. मी डॉक्टर नव्हे, शेतीखात्यातला माणूस आहे. पण पाणी, कलम आणि बांध यांची भाषा आपणां सर्वांना येते, आणि मनगट समजायला ती पुरते.

आपल्या मनगटात एक हाड नसते. कोपरापासून येणारी दोन लांब हाडे आणि तळहाताची पाच हाडे यांच्या मध्ये आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. नदीतल्या गोट्यांएवढी ही हाडे चिवट दोऱ्यांसारख्या बंधांनी एकमेकांना बांधलेली असतात. त्यातली दोन आपल्या कामाची. अंगठ्याच्या बाजूचे होडीच्या आकाराचे, त्याला नौकाकृती म्हणतात. त्याच्या शेजारी मधोमध बसलेले चंद्रकोरीसारखे, ते अर्धचंद्राकृती. माणूस पडताना हात पुढे टेकतो, तेव्हा बराचसा भार या दोघांवर येतो.

नौकाकृती हाड हे या आठांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडणारे, आणि बहुधा तरण्या पुरुषांचे. दादाचे तेच मोडले होते. त्याची खोड अशी की मोडले तरी हात वाकडा दिसत नाही. सूज थोडी, बोटे हलतात, माणूस कामाला जातो. एक खूण मात्र असते. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ दोन शिरांच्या मध्ये खळगा पडतो. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखले, तर ते हाड मोडले असे समजूनच चालावे.

आता हे हाड जुळायला इतके कठीण का? याचे उत्तर पाटाच्या पाण्यात आहे. या हाडाला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक नळ्या बोटांकडच्या टोकातून आत शिरतात आणि मागे कोपराकडे जातात. म्हणजे कोपराकडचा तुकडा हा पाटाच्या शेपटाचे शेत झाला. मध्येच पाट फुटला तर वरच्या शेताला पाणी मिळते, शेपटाचे शेत वाळते. तसेच मोडलेल्या हाडाचा मागचा तुकडा रक्ताविना सुकतो. जेवढी मोड मागे, तेवढा धोका जास्त.

पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोत ही बारीक चीर पुष्कळदा दिसत नाही. म्हणून जाणते डॉक्टर फोटो स्वच्छ असला तरी हात आधारात ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात, किंवा सीटी स्कॅन, एमआरआय करतात. आपण मात्र पहिला फोटो खिशात घालून विळा हाती घेतो. माझी विनंती आहे, दुसऱ्या फोटोला जरूर जा.

तुकडे जागचे हलले नसतील तर साधारण आठ ते बारा आठवडे प्लास्टर घालून बहुतेक हाडे जुळतात. तुकडे सरकले असतील, किंवा मोड मागच्या टोकाला असेल, तर शस्त्रक्रिया करून स्क्रू घालतात. ऑस्ट्रेलियातल्या टिमथी हर्बर्ट नावाच्या डॉक्टरांनी यासाठी एक खास स्क्रू काढला. त्यांचा लेख १९८४ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे दादा पडला त्याच्या आदल्या वर्षी. या स्क्रूला डोके नसते, तो हाडाच्या पोटात पूर्ण बुडतो. दोन्ही टोकांना आटे असतात, पण त्यांचे अंतर वेगवेगळे. त्यामुळे फिरवताना दोन तुकडे एकमेकांकडे ओढले जाऊन घट्ट बसतात. महिने उलटूनही हाड जुळले नाही, तर कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडाचा तुकडा काढून मध्ये बसवतात. हे सरळसरळ कलम आहे. आंब्याचे कलम बांधल्यावर आपण पोरांना हात लावू देत नाही, कारण रोज हललेला जोड धरत नाही. हाडाचेही तेच. आणि आणखी एक गोष्ट, तंबाखू. विडी, सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो आणि कधी ते जुळतच नाही. प्लास्टर असेपर्यंत तरी विडी सोडावी, आणि तंबाखू-मिश्रीही दूर ठेवावी.

हे सगळे मला माहीत होते. तरीही दुसऱ्यांदा परीक्षा आली तेव्हा मी नापास होता होता राहिलो.

२०२३ चा नोव्हेंबर. मनवेलपाड्यातली खाचरे केव्हाच गेली, पण तालुक्याच्या पूर्वेकडे आमची थोडी जमीन अजून आहे. दादाचा मुलगा ती बघतो. भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना तो दहा-बारा फुटांवरून खाली आला, उजव्या हातावर. मनगट फुगले. जवळच्या एका दवाखान्यात समोरून फोटो काढला. हाड मोडलेले नाही, मुरगळ आहे, असे सांगून ताणपट्टी आणि गोळ्या दिल्या. मी घरी पोचलो तेव्हा पोरगा ओट्यावर हात मांडीवर घेऊन बसला होता.

मी फोटो पाहिला, चिठ्ठी वाचली आणि म्हणालो, "दोन दिवस थांबू. नाहीतर दहा दिवसांनी परत फोटो काढू." नियमाप्रमाणे बोललो असे मला वाटले.

दादा काही बोलला नाही. तो मुलासमोर बसला आणि त्याची बोटे एकेक करून दाबू लागला. अंगठा, पहिले बोट, मधले बोट. "कळतंय का?"

"मुंग्या येतात बाबा. जड झाल्यासारखी वाटतात."

"करंगळी?"

"ती ठीक आहे."

"मूठ वळ." मूठ वळेना.

दादा माझ्याकडे वळला. "माझा हात दुखला, पण बोटे कधी झोपली नव्हती. हे निराळे आहे. तू कागद बघतोस, हात बघ."

"फोटोत काही नाही रे दादा."

"माझ्या वेळी फोटोच नव्हता. तू तेव्हा बांधावरच होतास ना?" एवढे बोलून त्याने आपला उजवा हात माझ्यापुढे ओट्यावर ठेवला. त्या हाताकडे मी पाहिले आणि उठलो. वहिनीने रेशनकार्ड, आधारकार्ड पिशवीत घातले. विरारहून लोकल धरून रात्री आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो.

तिथे फोटो बाजूने काढला, आणि सगळे उलगडले. अर्धचंद्राकृती हाड आपल्या जागेवरून निसटून तळहाताकडे उलटले होते, पालथ्या होऊ घातलेल्या वाटीसारखे. नौकाकृती हाडही मोडले होते. अंगठा आणि पुढची दोन बोटे यांना जाग देणारी मोठी नस मनगटाच्या मधूनच जाते. उलटलेले हाड तिच्यावर बसले होते, म्हणून ती बोटे झोपली होती. समोरच्या फोटोत हाडे एकमेकांवर पडतात आणि डोळा फसतो. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की जगभरच अशा चार दुखापतींत सुमारे एक पहिल्या तपासणीत सुटते. म्हणून मी पहिल्या दवाखान्याला दोष देत बसलो नाही. पण बाजूचा फोटो मागून घ्यायचा, हे तेव्हापासून मी सर्वांना सांगतो.

त्याच रात्री भूल देऊन, बोटे ओढून धरून, त्यांनी हाड जागी आणले. नसेवरचा दाब उतरला. अशा वेळी उशीर झाला तर नस कायमची दुबळी पडू शकते. हाड जागी आले की काम संपले, असे मला वाटले होते. बाईंनी समजावले, "काका, हाडे बसवली, पण त्यांना बांधणारे बंध तुटलेत. नुसत्या प्लास्टरवर ठेवले तर ती पुन्हा सरकतील." तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मनगट उघडून नौकाकृती हाडात स्क्रू बसवला, तुटलेले बंध शिवले, आणि ते धरेपर्यंत हाडांना हाडे खिळून ठेवण्यासाठी बारीक पोलादी तारा आरपार घातल्या. बांध फुटल्यावर नुसता दगड जागेवर ठेवून भागत नाही, माती धरेपर्यंत मेढी ठोकाव्या लागतात. तसेच हे. या तारांना जर्मनीच्या मार्टिन किर्शनर यांचे नाव आहे, १९०९ पासूनची ही युक्ती.

याच तारांतून आपल्या मुंबईतही एक मोठे काम उभे राहिले. हाताचे शल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक चौकट तयार केली. हाडात तारा घालायच्या आणि त्या बाहेरच्या बाहेर हलक्या सळ्यांना चापांनी जोडायच्या. साधी, सुटसुटीत, आपल्याकडे बनणारी. मनगटाजवळ चुरा झालेली हाडे, चेंगरलेले हात, लहान मुलांचे वाकडे पाय, अशा कितीतरी ठिकाणी ती वापरली गेली. जोशींची चौकट म्हणूनच डॉक्टर तिला ओळखतात. मंडपाला बाहेरून बांबूंचा सांगाडा देतात तसाच तो प्रकार.

हाडवैद्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण वाचकांपैकी पुष्कळांचा त्यांच्यावर विश्वास आहे. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निसटण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, साल आणि बांबूच्या पट्ट्यांनी बांधायची रीतही दिली आहे. मी त्या विद्येची टिंगल करणार नाही. पण मनगटातले गोट्याएवढे हाड बोटांनी चाचपून समजत नाही, त्याला फोटोच लागतो. आणि सुजलेल्या हातावर कामट्या करकचून बांधल्या तर आतले रक्त कोंडते, स्नायू मरतात, हात कायमचा आकडा होतो. कधी बोटे काळी पडून हात कापावाही लागतो. आधी फोटो, मग बांधणे, एवढा क्रम तरी प्रत्येकाने पाळावा.

पोराचे पुढचे सांगतो. आठ आठवड्यांनी तारा काढल्या. नौकाकृती हाड धरल्याची खात्री होईपर्यंत आधार ठेवला. बोटांची हालचाल मात्र शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच. प्लास्टर निघाले तेव्हा मनगट लाकडासारखे झाले होते. पोरगा घाबरला. मग सहा महिने व्यायाम. गरम पाण्यात हात, कणकेचा गोळा दाबणे, ओला टॉवेल पिळणे. सूनबाई समोर बसून मोजत असे. अर्ध्या वाटेवर तो कंटाळला तेव्हा दादा शेजारी बसून स्वतःही गोळा दाबू लागला. त्या हाताला त्याचा काही उपयोग नव्हता, पण दाबत होता.

मी इथे खोटी आशा देणार नाही. पोराचा हात पहिल्यासारखा झालेला नाही. मूठ डाव्या हाताच्या तीन-चतुर्थांश जोराची आहे, मनगट पूर्वीच्या दोन-तृतीयांश वाकते. पुढे सांधा झिजण्याचा धोका आहे, असे डॉक्टरांनी मोकळेपणी सांगितले आहे. पण बोटे जागी आहेत. ट्रॅक्टर चालवतो, फवारणीचा पंप मारतो, विळाही चालवतो. उजव्या हाताने.

सरकारी माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. पण तिच्यात मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख, असा हिशेब आहे. मोडलेल्या मनगटाला तिच्यात काही नाही. हात अर्धा निकामी झाला तर नुकसान आपल्याच घरी राहते. म्हणून उपचार वेळेवर झाला पाहिजे. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारावे.

आणि कोणी हातावर पडला तर घरच्यांनी काय करावे? अंगठी, बांगड्या, कडे लगेच काढावे, सूज चढल्यावर ते निघत नाही. चोळू नये, ओढू नये. जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची घडी हाताखाली घेऊन सैलसर बांधावे आणि टॉवेलची झोळी करून हात छातीशी उंच ठेवावा. जखम असेल तर स्वच्छ कापड बांधावे आणि धनुर्वाताची सुई घ्यावी. हात वाकडा दिसत असेल, बोटे बधिर, गार, निळी पडत असतील, किंवा बोटे ताणल्यावर असह्य कळ येत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. भूल द्यावी लागेल म्हणून वाटेत चहा-भाकर देऊ नये. आणि घरातली पन्नाशीपुढची आई, आजी अंगणात नुसती घसरली तरी तिचे मनगट मोडू शकते, कारण या वयात बायकांची हाडे ठिसूळ होतात. ती "काही नाही झालं" म्हणेल. तिचे ऐकू नये.

गेल्या हंगामात कापणीला मी रजा घेऊन गेलो होतो. दादा डाव्या हाताने कापत होता, पोरगा उजव्या. पोरगा मागे पडत होता. दुपारी भाकरी सोडताना मी अठ्ठ्याण्णव साली गिळलेले वाक्य दादाला सांगून टाकले. म्हणालो, "तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लवकर आला असता तर प्लास्टरवरच बरा झाला असता. मी तुला सांगितले नाही."

दादाने कांदा फोडला आणि अर्धा माझ्यापुढे केला. म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझं तोंड बघून." मग पोराकडे पाहून म्हणाला, "त्याला सांग, दुपारनंतर थोडा बस म्हणावं. हात दुखत असेल तरी तो बोलायचा नाही. आपल्या घरात कोणी बोलत नाही."

मी जाऊन पोराला सांगितले.